घरीं बांधलेल्या ध्वनिवर्धकांतील गुणगुण

महाविद्यालयांत जाणारा एखादा मुलगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टीडीए २०३० ही चिप, एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड व मूठभर किरकोळ सामान घेऊन येतो आणि दोन रविवार खपून ध्वनिवर्धक उभा करतो. घरांतील मंडळी गाणें ऐकण्यास जमतात. बटण दाबलें जातें. परंतु गाण्याच्या आधींच स्पीकरमधून अखंड गुणगुण ऐकूं येते, जणूं कोणी खोलींत भुंगा कोंडून ठेवला आहे. मुलाचा चेहरा उतरतो. चिप वाईट निघाली, असा त्याचा पहिला तर्क असतो, आणि तो बहुधा चुकतो. दोष चिपेंत क्वचितच असतो. तो पुष्कळदां तारांच्या मांडणींत असतो.

अशा वेळीं हत्यारें खालीं ठेवून प्रथम कानाचा उपयोग करावा. आपल्याकडे घरांत येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. चार डायोडांतून जातांना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे उपयोगांत येतात, म्हणून पुढील मोठ्या कपॅसिटरला सेकंदाला १०० धक्के मिळतात. यास्तव ५० कंपनांचा नाद बहुधा भोंवतालच्या तारांतून वा ट्रान्सफॉर्मरच्या सान्निध्यामुळें शिरलेला असतो, तर १०० चा नाद यंत्राच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यांतून उठतो. पहिला षड्ज मानला तर दुसरा त्याच्या वरच्या सप्तकांतील षड्ज होय. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसास हा भेद सहज कळावा. मात्र लहान स्पीकर ५० चा नाद फारसा उमटवूं शकत नाहींत, एवढी फसगत लक्षांत ठेवावी.

नंतर आवाजाची खुंटी पूर्ण मिटवावी. गुणगुण तशीच राहिली, तर तिचा उगम खुंटीच्या पुढें आहे. खुंटीबरोबर ती कमीजास्त होत असेल, तर उगम मागें, गाणें आंत येतें त्या बाजूस. एवढ्या एका कृतीनें निम्मा शोध संपतो. खुंटीच्या धातूच्या दांड्यास बोट लावतांच आवाज शमला, तर तिचें कवच सामाईक तारेस जोडावयाचें राहून गेलें आहे, असें समजावें. दहा मिनिटांचें काम!

खुंटी मिटूनही १०० चा नाद टिकला, तर कपॅसिटर पाहावा. पण त्याआधीं सामाईक तार पाहावी. तार म्हणजे तार, ती कोठेंही जोडली तरी सारखीच, अशी नवशिक्याची समजूत असते. कपॅसिटर वीज संथपणें पीत नाहीं. तो क्षणभरांत मोठा घोट घेतो. घोट २ अँपिअरचा व मधल्या वीतभर तारेचा रोध ओहमाचा शंभरावा भाग धरला, तरी तिच्या दोन टोंकांत २० मिलिव्होल्टचा फरक पडतो. गाण्याची सामाईक तार याच तुकड्यावर जोडली असेल, तर हा फरक गाणें समजून चिप तो सुमारें ३० पट करते, आणि अर्धा व्होल्टाहून अधिक गुणगुण स्पीकरवर जाते. म्हणून ट्रान्सफॉर्मरची तार आधीं कपॅसिटरपाशीं संपवावी, आणि त्याच्या पलीकडे एक बिंदु निवडून स्पीकर, चिप व गाण्याची बाजू यांच्या सामाईक तारा तेथें वेगवेगळ्या आणाव्या. मोठा कपॅसिटर विकत आणण्यापूर्वीं हें करून पाहावें. खर्च कांहींच नाहीं. हात घालण्यापूर्वीं प्लग काढावा, व कपॅसिटर रोधकामार्फत रिकामा करावा.

आतां जी गोष्ट खरोखर जिवावर बेतते ती. ध्वनिवर्धक लॅपटॉपला जोडतांच गुणगुण सुरू होते, आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर काढतांच थांबते. दोन्ही यंत्रांचें अर्थिंग भिंतींतून एक झालेलें असतें व गाण्याच्या तारेनें तें पुन्हां एकदां जुळतें. त्या वेटोळ्यांत फिरणारा क्षीण प्रवाह हीच गुणगुण. मग कोणी शहाणा सुचवतो कीं, ध्वनिवर्धकाच्या प्लगची जाड पिन काढून टाक. पिन काढतांच आवाज खरोखर थांबतो, आणि हेंच वाईट! पुढेंमागें ट्रान्सफॉर्मरचें वेष्टण जळालें, तर पत्र्याच्या पेटीवर २३० व्होल्ट येऊन बसतील, आणि धूळ पुसणाऱ्या घरच्या माणसास त्याची वार्ताही नसेल. पेटीचें अर्थिंग कधींही तोडूं नये. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून पाहावे. तेवढ्यानें न भागलें, तर गाण्याच्या तारेंत ध्वनीसाठीं मिळणारा लहान विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. वेटोळें तुटतें, पेटी सुरक्षित राहते.

जवळ ठेवलेल्या मोबाइलमुळें मध्येंच येणारी तडतड हा निराळा प्रकार. फोन हातभर दूर सारला कीं झालें.

एवढें करून शांतता झाली, तरी स्पीकरला कान लावल्यास मंद सळसळ ऐकूं येईलच. तिच्यामागें धांवूं नये. रोधकांतील इलेक्ट्रॉन उष्णतेनें सतत हालत असतात व त्यांतून ही सळसळ निघते, हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं दाखवून दिलें. दहा हजार ओहमांचा रोधक ऐकूं येणाऱ्या कंपनांच्या कक्षेंत सुमारें १.८ मायक्रोव्होल्टचा असा गोंगाट करतो. खुंटी एक लाख ओहमांची असेल, तर ती बदलून दहा हजारांची बसवावी म्हणजे सळसळ कांहींशी उतरेल. उरलेली गाणें सुरू होतांच ऐकूं येणार नाहीं.