शेवळाची भाऊबंदकी

मिरगाचा पाऊस पडला की मुरबाड-शहापूरकडच्या बाया शेवळांच्या जुड्या घेऊन कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या बाजारात बसतात. आमच्या गटातल्याही बसतात. मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या एक ताई दुसऱ्या दिवशी भांडायलाच आल्या. "तुमची भाजी खाऊन पोराचे ओठ सुजले!" त्यांनी आतला पिवळा भाग काढला नव्हता. काकडं नाहीत, चिंच नाही. चूक त्यांची म्हणून हात झटकता आले असते, पण आम्हीच सांगितलं नव्हतं.

आम्ही विचारलं, "अळूला चिंच घालता ना?"

"घालतो की, घसा खवखवतो म्हणून."

"मग शेवळं अळूच्याच कुळातली, ताई."

दिसायला शेवळाचा कोंब कुठे, अळूचं पान कुठे! पण शास्त्रज्ञ आधी फूल बघतात. मधे दांडा, त्याला चिकटलेली बारीक फुलं आणि भोवती गुंडाळलेलं एक पान. शेवळं, सुरण, अळू, तिघांचं असंच. शेवळं आणि सुरण तर सख्खी भावंडं, अळू चुलत. नुसता मातीखाली वाढतो म्हणून बटाटा यांचा कोणी होत नाही. त्याचं फूल वांग्यासारखं, तो वांग्याच्या कुळातला. आणि रताळ्याचं फूल बेशरमीसारखं!

स्वीडनच्या लिनियसने 1753 साली फुलातले पुंकेसर मोजून झाडांचे गट पाडले. 1859 मध्ये डार्विनने सांगितलं की हे सारखेपण एकाच पूर्वजाकडून येतं. म्हणजे ही झाडांची वंशावळच झाली. आता पेशीतला डीएनए जुळवूनही नातं बघतात. डबक्यावर डाळीएवढी हिरवी पानं तरंगतात ना, ती पूर्वी वेगळ्या कुळात धरत. ती अळूची नातलग निघाली. आम्हाला तर हसूच आलं.

खाजही घराण्यातलीच. या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. घरात ठेवतो तो मनीप्लांट आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबाखिया, दोन्ही याच कुळातली. रांगतं मूल असेल तर कुंडी वर ठेवा. उलटा हिशेब मात्र करू नका. अळूचं नातलग दिसतंय म्हणून अनोळखी कंद शिजवायला घेऊ नका. जाणत्या आजीला विचारा.

यंदा आम्ही प्रत्येक जुडीला मूठभर काकडं बांधूनच देतो. फुकट नाही हं, किंमत जुडीतच धरली आहे.