सीबीआय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही
(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्याच एका आजींना फोन आला. "सीबीआयमधून बोलतोय. तुमच्या आधारवर गुन्हा आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." आजी चार तास खुर्चीत बसून होत्या. कामवाल्या मावशींनी बेल वाजवली, म्हणून त्यांची मुदत ठेव वाचली. त्यासाठीच आज हा विषय घेतला.

महायुद्धाच्या काळात सरकारी खरेदीत लाचखोरी बोकाळली. ती शोधायला १९४१ साली स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट हे खातं निघालं. १९४६ मध्ये त्यासाठी दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा झाला. १ एप्रिल १९६३ रोजी केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, स्थापन झाला. डी. पी. कोहली पहिले संचालक. गंमत अशी, की सीबीआयला तपासाचे अधिकार आजही त्या १९४६ च्या कायद्यातूनच मिळतात.

त्या कायद्यानुसार एखाद्या राज्यात तपास करायचा तर राज्य सरकारची संमती लागते, नाहीतर हायकोर्टाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा आदेश. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट आपण मुंबईकर विसरलेलो नाही. तो तपास पुढे सीबीआयकडे गेला. शंभर आरोपी दोषी ठरले, पण निकाल यायला २००६-०७ उजाडलं.

मुद्दा काय? खरा तपास कागदाने, परवानगीने आणि सावकाश चालतो. घाई फक्त चोराला असते. 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काहीच नाही. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर साठीपुढच्या पुरुषांना आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. अधिकाऱ्यानेच घरी यायचं असतं.

तेव्हा असा फोन आला तर ठेवून द्या. शेजारची बेल वाजवा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. आणि लाज वाटून गप्प बसू नका. पंचवीस वर्षं आपण एका जिन्याने चढतोय, एवढं तरी एकमेकांना सांगू या.