मेंदूचा अभ्यास करायचाय?

पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारं चिलट आठवा. त्याच्या मेंदूत सुमारे 1 लाख 40 हजार चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा 2024 साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत या पेशी सुमारे 86 अब्ज! मेंदूचा आणि चेतापेशींचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे चेताजीवशास्त्र.

अमरावती-अकोल्याच्या मुलामुलींनो, याची सुरुवात गावातल्या कॉलेजात, बीएस्सीच्या प्राणिशास्त्रातूनच होते. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था तर 1923 पासून उभी आहे. चेतापेशीतला संदेश विजेच्या लहरीसारखा धावतो आणि पुढच्या पेशीकडे बहुधा रसायनांमार्फत पोचतो. म्हणून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचा हात सोडू नका. पुढे संशोधनासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या (टीआयएफआर) संस्थांची दारं प्रवेशपरीक्षेने उघडतात. तयारी पहिल्याच वर्षापासून करा. वऱ्हाडातली बुद्धी या शास्त्राला हवी आहे.