फोन कुणाला करायचा?



समजा, केळदची एखादी आजी आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये बरेच दिवस आलेले नाहीत. गावात विचारलं तर म्हणतात बँकेत जा, बँकेत म्हणतात तहसीलला जा. वेल्ह्याला जायचं म्हणजे एसटी गाठण्यातच दिवस जातो. एवढं करून शेवटी कळतं, की आधार खात्याला जोडलेलं नाही आणि काम बँकेतच होणार आहे. कुठल्या टेबलावर कुठला कागद न्यायचा, एवढं घरबसल्या कळलं असतं तर आजीचे हेलपाटे वाचले असते.

हे सांगणारे फोन आहेत आणि त्यांचा खर्च सरकार करतं. भोर तालुका आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या मंडळींना ते कसे उपयोगी पडतील, हे आज सांगणार आहे. कागद-पेन जवळ घ्या.

पहिला नंबर 14567. एक, चार, पाच, सहा, सात. ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं ती 2021 साली देशभर सुरू केली. महाराष्ट्रात तिचं काम पुण्याची जनसेवा फाउंडेशन ही संस्था पाहते. सकाळी आठ ते रात्री आठ, पेन्शनची अडचण, कायद्याची शंका, घरातला छळ, काहीही विचारा. नुसतं बोलायला कुणी हवं असेल तरी चालतं.

दुसरा 181, महिलांसाठी. याचा पैसा केंद्राच्या निर्भया निधीतून आला. इथून पोलीस, दवाखाना किंवा सखी वन स्टॉप सेंटरशी गाठ घालून दिली जाते. तिसरा 15100, मोफत कायदेशीर मदतीचा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शेतीचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, सकाळी सहा ते रात्री दहा. भातावर रोग दिसला तर फोटो घेऊन दुकानात जाण्याआधी इथं विचारा.

मुलांचा नंबर 1098. त्याची हकिगत थोडी सांगायला हवी. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाइल्डलाइन सुरू झाली. पुढे केंद्रानं अनुदान दिलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सामाजिक संस्था ती चालवू लागल्या. त्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना गावं माहीत असायची. कुठल्या आश्रमशाळेत जागा आहे, कुठले सरपंच रात्रीही दार उघडतील, हे त्यांना ठाऊक असायचं. 2023 पासून ही सेवा सरकारनं स्वतःकडे घेतली आणि 112 या तातडीच्या नंबराशी जोडली. आता हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आहे. खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस. पैशाची खात्री वाढली, ही चांगली गोष्ट. पण गावाची ओळख आपोआप वाढत नाही. ती टिकवायला माणसं लागतात आणि त्या माणसांचा पगार अनुदानात धरावा लागतो. कुठल्याही हेल्पलाइनवर फोन उचलणाऱ्याला पैसे मिळतात, पण माहिती ताजी ठेवणाऱ्याला मिळाले नाहीत, तर आजीला जुनाच पत्ता सांगितला जाईल. माझ्या मते शासनानं किती फोन उचलले एवढंच मोजू नये, फोन करणारा योग्य ठिकाणी पोचला का, हेही मोजावं.

आता तातडीचं. रुग्णवाहिकेसाठी 108. ही सेवा महाराष्ट्रात 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला आहे. पोलीस, आग, कुठलंही संकट असो, 112. तो फोन नवी मुंबईला किंवा नागपूरला लागतो. म्हणजे पलीकडच्या माणसानं तुमची वाडी कधी पाहिलेली नसते. म्हणून आधी जिल्हा सांगा, मग तालुका, मग गाव आणि सगळ्यात शेवटी वाडी. त्यानंतर रस्त्याची खूण द्या: "भोर-महाड रस्त्यावर, निगुडघरच्या पुढे" किंवा "चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे येताना, मार्गासनीच्या पुढे". पावसाळ्यात रस्ता खचला असेल, ओढ्याला पाणी असेल, तर तेही सांगा. गाडी वाटेत अडकण्यापेक्षा रुग्णाला फाट्यापर्यंत आणणं कधीकधी बरं.

रेंजचं दुखणं हिरडस मावळात आणि तोरण्याच्या पायथ्याला सगळ्यांनाच माहीत आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असला, तर 112 बहुधा लागतो. 108 ला ही सोय असेलच असं नाही. म्हणून रेंज गेलेली असताना आधी 112 लावून पाहा. दरड कोसळली, पूर आला, तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आहे.

कुठलाही फोन केलात की तक्रार क्रमांक मागा. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. "बघतो" एवढ्यावर फोन ठेवू नका. कुणाकडे, केव्हा, कुठला कागद घेऊन जायचं, हे तीन प्रश्न विचारा. चुकीची माहिती मिळाली तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन परत फोन करा. या फोनसेवांचा पैसा आपल्या कराचा आहे, तेव्हा संकोच नको.

आणि येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: हे नंबर ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवायचे. खाली तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि उपकेंद्र यांचे चालू नंबर लिहायचे आणि बदली झाली की त्याच आठवड्यात बदलायचे. याला डबाभर रंग लागेल, तो ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून येऊ शकतो. नंबर बदलण्याचं काम मात्र एखाद्याच्या नावावर ठरावातच लिहून घ्या.