थांबलेले हृदय आणि दोन हात

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप बंद पडला तर पीक चार दिवस तग धरते. हृदय हाही एक पंपच. पण तो बंद पडला तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या वेळात डॉक्टर वाडीवस्तीवर कसा पोचावा? तोवर त्या माणसाचा जीव जवळ उभ्या असलेल्याच्या हाती असतो.

पूर्वी थांबलेले हृदय चालवायचे तर डॉक्टर छाती उघडून ते हाताने दाबीत. सोपी वाट सापडली ती अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तेथील विल्यम कोवेनहोवेन हे डॉक्टर नव्हेत, वीज-अभियंते. तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने दगावत, म्हणून ते या शोधात पडले. १९५८ साली त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना कुत्र्यांवरील प्रयोगात एक गोष्ट दिसली. विजेचा झटका देण्याच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या, की झटक्याआधीच रक्तदाब वाढे. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त पुढे सरकत होते! शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील २० रोग्यांपैकी १४ वाचले. ते रुग्णालयातले रोगी; गावात एवढे यश येईलच असे नाही. पण हातच लावला नाही, तर आशा जवळजवळ उरत नाही.

आता कृती ऐका. माणूस कोसळला, हाक मारून, खांदा हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो आहे. आचके म्हणजे श्वास नव्हे. विजेचा धक्का असेल तर आधी वीज तोडा, मगच हात लावा. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे यांत वेळ दवडू नका. एकाला १०८ वर फोन करायला सांगा. रोग्याला कठीण जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ ठेवून सुमारे दोन इंच खोल दाबा. प्रत्येक वेळी छाती पुरी वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याने लगेच पुढे व्हावे. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका, बरगडी सांधते.

मात्र माणूस शुद्धीवर असेल, छातीत कळ आणि दरदरून घाम येत असेल, तर छाती दाबायची नाही. पित्त म्हणून सकाळची वाट न पाहता त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचे.

गुरुजनहो, वरच्या वर्गातील मुलांकडून घट्ट बांधलेल्या गाठोड्यावर हा सराव करून घ्या. जिवंत माणसावर सराव मुळीच नको. पाढे पाठ होतात, तसे हेही हातांना पाठ होते. अंगणात कोणी कोसळेल तेव्हा पुस्तक उघडायला सवड नसते.