एका घरातील दोन पंचांगे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलायचे असते. मी दहावी नापास झालेला माणूस. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो. तेव्हा तत्त्वज्ञान सांगत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्याच घरात माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

माझी पत्नी शंकराची भक्त. मी देव न मानणारा. मुलगा दोघांचे मन राखणारा. सून मात्र बहाई. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्यांनी चहा घेतला आहे, त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक असेल की त्या मालकांत जसे झरतुष्ट्री आहेत तसे बहाईही आहेत. त्यांच्या धर्माचे संस्थापक बहाउल्ला १८१७ साली तेहरानात जन्मले आणि हद्दपारी व कैद भोगून १८९२ साली अक्का शहराजवळ वारले. सर्व धर्मांचे मूळ एक, ही त्यांची शिकवण. दिल्लीचे कमळाच्या आकाराचे मंदिर याच मंडळींचे.

त्यांचे पंचांग मोठे सुटसुटीत आहे. एकोणीस दिवसांचा महिना आणि असे एकोणीस महिने. म्हणजे ३६१ दिवस झाले. उरलेले चार, कधी पाच दिवस, ते शेवटच्या महिन्याच्या आधी घालतात. आपल्याकडे अधिक महिना येतो, तसे हे अधिक दिवस. त्यांना अय्याम-ए-हा म्हणतात. या दिवसांत पाहुण्यांना जेवू घालावे, भेटी द्याव्यात, गोरगरिबांची आणि आजाऱ्यांची विचारपूस करावी. ते संपले की शेवटचा सबंध महिना सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्यावाचून उपवास, आणि मग नवरोज. आजारी माणसाला, गरोदर बाईला आणि अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला या उपवासातून सूट आहे. हे कळले तेव्हा माझ्यातला कामगार कार्यकर्ता मनातून खूष झाला, हे कबूल करतो.

त्या वर्षी हे अधिक दिवस २५ ते २८ फेब्रुवारीला आले. सूनबाईने बुधवारी, २६ तारखेला संध्याकाळी जेवण ठरविले. तिचे आईवडील त्या दिवशी येणार होते. आणि नेमकी त्याच दिवशी महाशिवरात्र! पत्नी म्हणाली, "अहो, मी उपाशी, आणि माझ्याच ओट्यावर पंधरा माणसांचा पुलाव?"

मी आयुष्यभर केले तेच केले. दोन्ही पक्षांच्या मध्ये बसलो आणि तडजोड सुचविली, "रविवारी, २ मार्चला करा. सर्वांना सुटी आहे." पत्नी म्हणाली, "चालेल." सूनबाईही म्हणाली, "चालेल, बाबा."

बंधूंनो, हा 'चालेल' मी शेकडो वेळा ऐकला आहे. वाटाघाटीत हरलेला कामगार तो शब्द उच्चारतो. पण घरात तो मला ओळखू आला नाही. रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, १ मार्चला तिचा उपवास सुरू होतो. रविवारी दुपारी ती सगळ्यांना वाढील आणि स्वतः पाणीही घेणार नाही." तिचा सण मी तिच्या उपवासात ढकलला होता, आणि वर न्याय केल्याचे समाधान मानीत बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली आणि म्हटले, "आता तुमच्या पद्धतीने बसू." बहाई लोकांत सल्लामसलतीची एक रीत आहे. आपले मत मांडले की ते आपले राहत नाही, सर्वांचे होते. मग त्याच्यासाठी भांडायचे नाही, ते तपासायचे. आमच्या वाटाघाटीत मागणी शेवटपर्यंत ज्याची त्याची असते.

त्या बैठकीत कळले की खरे दुखणे ओट्याचे नव्हतेच. पत्नी म्हणाली, "मला भीती वाटते ती नातवाची. त्याला आपले देवघर परके होईल." सूनबाई म्हणाली, "आई, आमच्यात पंधराव्या वर्षी ज्याने त्याने आपले ठरवायचे असते. शोध घेतल्यावाचून मानायचे नाही. तोवर त्याला तुमच्या मांडीवर बसून सगळे ऐकू द्या." पत्नी बराच वेळ गप्प होती. तिची भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण ती बोलून दाखविली गेली.

मग मार्ग सापडायला वेळ लागला नाही. बहाई दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. गुरुवारी, २७ ला सकाळी पत्नीचे पारणे, आणि त्याच संध्याकाळी दिवे लागल्यावर जेवण. व्याहीमंडळी एक दिवस जास्त राहिली. बुधवारचे काय? ते पत्नीनेच सुचविले. उपवासाच्या दिवशी तिने पोळीभाजीचे डबे भरले आणि सासूसुना मिळून रुग्णालयात रोग्यांच्या नातेवाइकांना देऊन आल्या. एकीचे ते व्रत झाले, दुसरीचा तो सण झाला.

पुढे १३ मार्चला होळी आली. होळी पेटते संध्याकाळी, आणि सुनेचा उपवास सुटतो तोही संध्याकाळी. रमजान चालू होता, म्हणून संघटनेतला माझा एक जुना सोबती रोजा सोडायला आमच्याकडे आला. पुरणपोळीच्या ताटाशी त्या दिवशी पंचांगाची अडचण कोणालाच पडली नाही.

मालक आणि कामगार यांचे हितसंबंध निराळे असतात. तेथे अर्धे द्या, अर्धे घ्या, हे योग्यच. घरात मात्र सण असा निम्मानिम्मा वाटता येत नाही. तारीख ठरविण्यापूर्वी ज्याचा सण त्याला विचारावे की यातले काय हलविता येते आणि काय नाही. आणि कोणी फार लवकर 'चालेल' म्हणाले, तर तेथेच थांबून पुन्हा विचारावे. पन्नाशी उलटल्यावर मी हे शिकलो. आपण ते आधीच शिकावे, एवढ्यासाठी बोललो.