मागण्याआधी द्यावयाचे ऋण
(स्वागताध्यक्षीय भाषण)

अध्यक्षमहाराज, निमंत्रित वैद्यकतज्ज्ञहो, माजी सैनिक बंधूंनो, वीरमातांनो आणि वीरपत्नींनो,

ज्या जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हे उपपद कायमचे जडले आहे, त्या सातारा जिल्ह्याच्या वतीने, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भरलेल्या सैनिकांच्या शुश्रूषेविषयीच्या या परिषदेत मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

सैनिकाची शुश्रूषा महाराष्ट्राला नवी नाही. अपंग शिपायांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली स्थापन होऊन पुढे खडकीस स्थिरावलेली क्वीन मेरीज संस्था, पुण्याचे १९४४ चे कृत्रिम अवयव केंद्र आणि कंबरेखालचे बळ हरपलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीसच उभे राहिलेले पुनर्वसन केंद्र ही या परंपरेची तीर्थक्षेत्रेच होत. परंतु लष्करी इस्पितळे छावण्यांत आणि निवृत्त शिपायाचे घर डोंगरकपारीत, हे अंतर तोडण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना अमलात आली, आणि आज देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकांतून सैनिकाला व त्याच्या आश्रितांना औषधोपचार मिळतो, ही कृतज्ञतेने नमूद करण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही एक प्रसंग मला विसरता येत नाही. हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे चुलते गुडघे धरले असताही पहाटेच्या एस. टी.ने निघाले, कापडी पिशवीत डिस्चार्ज बुक, कार्ड आणि फडक्यात बांधलेली भाकरी. रेफरलच्या कागदावर एक शिक्का राहिला, एवढ्याच सबबीवर एका इस्पितळाने त्यांना परत पाठविले, तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांवर ताठ उभे राहून "ठीक आहे, साहेब" एवढेच म्हणत ते माघारी फिरले. सभ्यहो, ज्या शिस्तीने त्यांनी सरहद्द राखली, तीच शिस्त त्यांना स्वतःच्या हक्कासाठी शब्द वाढवू देत नव्हती. म्हणून, जो तक्रार करीत नाही त्याची तक्रार नाही असे मानण्याचा अधिकार कोणत्याही दप्तराला नाही. राहिलेला शिक्का शोधण्याची पायपीट रुग्णाने नव्हे, कचेरीने करावी, आणि खिडकीपाशी आलेल्या वृद्धास प्रथम बसावयास खुर्ची द्यावी, ही माझी या परिषदेस नम्र विनंती आहे.

आमच्या आतिथ्यात उणिवा राहतील, त्या उदार मनाने पोटात घालाव्यात. सैनिकांच्या शुश्रूषेतील उणिवा मात्र कृपा करून पोटात घालू नयेत, त्या येथे निःसंकोच मांडाव्यात, एवढी प्रार्थना करून मी आपले पुनश्च स्वागत करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!